जुन्या एमजीबीचं सस्पेन्शन: आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते कसं ओळखावं

जुनी स्पोर्ट्स कार घेताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावर बोट फिरवतो, छप्पर उघडून एक चक्कर मारतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. गाडीखाली वाकून बघायचं राहून जातं. पन्नास वर्षांच्या गाडीला चार-पाच मालक झालेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाने सस्पेन्शनला, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यातल्या स्प्रिंगा, शॉकअप आणि सांध्यांना, आपापल्या अकलेप्रमाणे हात लावलेला असतो. कुणी गाडी बसकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापली, कुणी शॉकअप मिळेना म्हणून दुसऱ्याच गाडीचे लावले, आणि एखाद्याने खरोखर विचार करून चांगलं कामही केलेलं असतं. या तिघांना वेगळं कसं काढायचं, ते इथे सांगतो.

उदाहरणाला एमजीबी घेतली आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनली, पाच लाखांहून जास्त बनली. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश दोन-सीटर गाड्यांमध्ये ती ओळखीची आहे आणि जगभर तिच्यासाठी सस्पेन्शनचे इतके किट निघाले आहेत की आधीच्या मालकांच्या हौसेला मर्यादाच राहिली नाही. मिजेट, स्पिटफायर किंवा हेराल्ड या दुसऱ्या जुन्या ब्रिटिश गाड्यावाल्यांनाही पद्धत हीच लागू पडते, सुटे भाग तेवढे वेगळे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हे बदल बहुतेक इंग्लंडातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी किंवा ट्रॅकसाठी सुचवलेले असतात. सोलापुरात गाडी वळणावर किती चिकटते, हा प्रश्न फार उशिरा येतो. त्याआधी प्रश्न येतो चाकाला वर जायला जागा किती उरली आहे हा. मी कुठलाही बदल तपासतो तो याच मापाने.

आधी बोला, मग वाका

विकणाऱ्याला "काही मॉडिफिकेशन केलंय का?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, सगळं ओरिजिनल आहे." त्याऐवजी विचारा, "काढलेले जुने पार्ट कुठे आहेत?" ज्याने विचारपूर्वक काम केलं, त्याच्या माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात जुने शॉकअप, जुन्या स्प्रिंगा गोणीत बांधून ठेवलेल्या असतात. ती गोणी गाडीच्या सौद्यातच मागून घ्या. बिलं असतील तर त्यांचे फोटो काढा. किटचं नाव कळलं की ते किट नेमकं काय करतं हे तासाभरात शोधता येतं.

मग गाडीचं साल बघा, कारण एमजीबीत सालाप्रमाणे मूळ मापंच बदलतात. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच उंच झाली. त्याच वेळी रोडस्टरचा (उघड्या छपराच्या गाडीचा) पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारी दांडी, कंपनीने काढून टाकला, आणि गाडी वळणावर झोकांड्या खाऊ लागली. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे बार आले. त्यामुळे १९७५-७६ च्या रोडस्टरमध्ये पुढे बार दिसला तर तो बहुधा मागाहून बसवलेला आहे. आणि तो चांगलाच बदल आहे, त्याला नावं ठेवू नका.

रबरी बंपरची गाडी खाली बसवून क्रोमच्या उंचीला आणणं हा जगभर लोकप्रिय बदल. इंग्लंडात त्याला अर्थ आहे. आपल्या रस्त्यांना मात्र कंपनीने दिलेली ती जादा उंची फुकटात मिळालेली सोय आहे, हे माझं मत. देखणी दिसत नाही हे खरं.

कागदांचंही इथेच उरकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा फेरबदल गाडीत करता येत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आणि दहा वर्षांची मुदत आहे, आणि गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. म्हणजे बोल्टने बसवलेला आणि बोल्ट काढून परत निघणारा ब्रॅकेट एक गोष्ट, आणि बॉडी कापून झाळलेला ब्रॅकेट दुसरी गोष्ट. खाली बघताना हा फरक लिहून ठेवा. सोलापूरच्या आरटीओत (एमएच १३) गाडी नावावर करायला जाल तेव्हा उपयोगी पडेल.

सपाट जागा शोधा आणि मोजा

साहित्य साधं आहे: मोजपट्टी, ओळंबा, दोरी, खडू, टॉर्च, हवेचा गेज, चांगला ट्रॉली जॅक आणि चार मजबूत स्टँड. सपाट फरशी मिळवणं जास्त अवघड. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या ओळखीच्या कारखान्याची काँक्रीटची जमीन मिळाली तर उत्तम. अंगणातल्या शहाबादी फरशीवर विसंबू नका, पाणी निघून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो.

चारही टायरमध्ये हवा सारखी भरा. डिकीतलं सामान काढा. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या नैसर्गिक उंचीवर बसेल. आता चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरचा साइझ बदललेला असेल तर आकडा फसवतो. चारही आकडे लिहा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक या वयात माफ. अर्धा इंच किंवा जास्त असेल तर कारण शोधायचंच. एका बाजूचा पाटा (मागची पानांची स्प्रिंग) बसलाय, दोन बाजूंना वेगवेगळ्या स्प्रिंगा आहेत, नाहीतर गाडी कधीतरी ठोकलेली आहे.

ठोकलेली आहे का, हे व्हीलबेस सांगतो. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. एमजीबीचा मूळ आकडा ९१ इंच, म्हणजे २३११ मिमी. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. फरक निघाला तर आधी मागचा ॲक्सल पाट्यावर सरकलाय का ते बघा, ते दुरुस्त होतं. क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) किंवा बॉडी वाकलेली असेल तर सौद्याचा आकडाच बदलतो.

कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाचं डोकं किती आत-बाहेर झुकलंय ते बघायला, ओळंबा चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. दोन्ही कडांमध्ये सुमारे ३८० मिमी धरलं तर एक अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटरचा फरक. एमजीबीला मुळात पुढे सुमारे एक अंश पॉझिटिव्ह कॅम्बर आहे, चाकाचं डोकं किंचित बाहेर. ते कमी-जास्त करायची कंपनीने काहीही सोय दिलेली नाही. म्हणून डोकं आत झुकलेलं दिसलं तर तिघांपैकी एक गोष्ट झालेली असते: गाडी खाली आणलीय, वरचा ट्रनियन (किंगपिनच्या टोकाचा सांधा) ऑफसेट, म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेल्या, प्रकारचा बसवलाय, किंवा काहीतरी झिजलंय वा वाकलंय. पहिल्या दोन गोष्टी दोन्ही चाकांना सारख्या दिसतात. तिसरी बहुधा एकाच बाजूला दिसते.

पुढचा भाग: इथे घाई करू नका

एमजीबीचा पुढचा भाग समजून घेतला तर निम्मं काम झालं. खाली विशबोन (चाक धरणारा दुहाती हात), मध्ये किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो उभा दांडा), आणि वरचा हात म्हणजे चक्क शॉकअपचाच हात. आर्मस्ट्राँगचा लिव्हर शॉकअप क्रॉसमेंबरवर चार बोल्टांनी बसतो आणि त्याचा हात वरच्या विशबोनचं काम करतो. म्हणजे इथे शॉकअप फक्त उसळी जिरवत नाही, तो चाकही धरून ठेवतो.

याचा परिणाम बघा. बरेच मालक "लिव्हरवाले जुने काढून टेलिस्कोपिक (नळीचे) टाकले" असं अभिमानाने सांगतात. पण पुढच्या बऱ्याच किटमध्ये जुना लिव्हर शॉकअप जागेवरच राहतो, फक्त त्याचा व्हॉल्व्ह काढलेला असतो, आणि बाजूला नवा नळीचा शॉकअप बसतो. जुन्याच्या शाफ्टचं बेअरिंग झिजलं असेल तर ते झिजलेलंच राहतं आणि चाकाचं डोकं हलतंच. शिवाय व्हॉल्व्ह काढला म्हणून तेल भरायचं कुणी बंद केलं असेल, तर त्या शाफ्टला वंगणच मिळत नाही. म्हणून टेलिस्कोपिक दिसला तरी जुन्या शॉकअपचा फिलर बोल्ट उघडून तेल आहे का ते बघा.

तपासणीचा क्रम असा. जॅक लावून गाडी उचला, स्टँडवर ठेवा, जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. चाकाला वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा, खालच्या ट्रनियनचा किंवा वरच्या शॉकअपच्या शाफ्टचा. आता टॉर्च मारून कुठला सांधा हलतोय ते डोळ्यांनी बघा. किंगपिनच्या बुशांना नवं ग्रीस दिसतं पण खालच्या टोकाचा निपल रंगाखाली किंवा मातीखाली बुजलेला असतो, हे हमखास सापडतं. खालचा सांधा सुका राहिला की आतली नळी धरून बसते आणि पिन खाल्ली जाते.

क्रॉसमेंबरवरचे शॉकअपचे ते चार बोल्ट पान्याने तपासा. ते सैल होतात, मग कुणीतरी जोर लावून आटे घालवतं, मग कुणीतरी मोठा बोल्ट घालतं. चारांपैकी एकाचं डोकं वेगळ्या मापाचं दिसलं की कहाणी कळली.

आता स्प्रिंग. खालच्या आणि वरच्या टोकाकडे टॉर्च मारा. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक व्यवस्थित घडवलेलं असतं. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बोथट चौकोनी असतं, ग्राइंडरचे ओरखडे किंवा गॅसकटरची निळसर झाक दिसते. गॅसने कापलेली स्प्रिंग असेल तर चर्चा नको, ती बदलायचीच, कारण तापल्यामुळे त्या जागी पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. ग्राइंडरने कापलेलीही मला नको असते. हिशेब सोपा आहे: स्प्रिंग जितके वेढे गमावते तितकी कडक होते. आठ कामाच्या वेढ्यांचे सात केले तर ती सुमारे चौदा टक्के कडक झाली, आणि चाकाला वर जायची जागा त्याहून कितीतरी जास्त कमी झाली. स्प्रिंग विशबोनच्या साधारण मध्यावर बसते, म्हणून स्प्रिंगमधला अर्धा इंच गाडीच्या उंचीतला जवळपास एक इंच असतो.

स्प्रिंग कापलेली नाही पण वेगळी वाटते? तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार दहा टक्के जाड म्हणजे स्प्रिंग सुमारे शेहेचाळीस टक्के कडक. हाच नियम अँटी-रोल बारला लागतो. पाच अष्टमांश इंचाच्या जागी सात अष्टमांशाचा बार म्हणजे पावणेचार पटीहून जास्त कडक. ट्रॅकवर ठीक. आपल्याकडे एक चाक खड्ड्यात गेलं की एवढा जाड बार दुसऱ्या चाकालाही धक्का पोचवतो.

पुढची स्प्रिंग स्वतः काढायला जाऊ नका. ती दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते, खालचं पॅन सैल करताना सुटली तर हातपाय जायबंदी करते. हे काम योग्य अवजारं असलेल्या माणसाचं.

बुश, म्हणजे सांध्यांमधले नळीसारखे अस्तर, बघायला सोपे आणि ओळखायला अवघड. मूळ साध्या रबराचे काळे बुश चार-पाच वर्षांत चिरटतात. त्यांच्या जागी एमजीबीच्याच व्ही-८ मॉडेलचे धातूच्या कवचातले रबरी बुश असतील तर आधीच्या मालकाला शाबासकी द्या, सर्वात शहाणा बदल तोच. लाल, निळे, पिवळे दिसले तर ते पॉलियुरेथेनचे. तेही चालतात, पण बसवताना योग्य ग्रीस लावलेलं नसेल तर प्रत्येक खड्ड्याला कुरकुरतात आणि विशबोन अडखळतो. एक सोलापुरी प्रकार वेगळाच: यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथवर नायलॉनच्या रॉडमधून खरादलेले पांढरट बुश. नखाने दाबून जराही दबत नाहीत. आपल्या लेथवाल्यांच्या हातात कसब आहे, किंगपिनचा गनमेटल बुश त्यांच्याकडून डोळे मिटून करून घ्यावा. पण विशबोनच्या बुशाला थोडं दबणं हवं असतं, आणि नायलॉन तो सगळा धक्का बॉडीला देऊन टाकतो.

आणखी एक तपासायला लागेल असा मुद्दा. धातूच्या कवचातले रबरी बुश आवळायचे असतात ते गाडी चाकांवर उभी असताना. कुणी चाकं लोंबकळत असताना आवळले असतील तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच बसते आणि बुश वर्षभरात फाटतात. नवे बुश, तरी फाटलेले, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. नट सैल करा, गाडी हलवून बसू द्या, परत आवळा. खर्च शून्य.

हेराल्ड किंवा स्पिटफायर घेणाऱ्यांसाठी इथेच एक इशारा: त्यांच्या पुढच्या खालच्या ट्रनियनला ईपी ९० गिअर ऑइल लागतं, ग्रीस नाही. अँबॅसिडरवर हात बसलेला जुना मिस्त्री निपल दिसला की ग्रीस गन लावणारच. आत ग्रीस घट्ट झालं की तेल आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी साचतं, आणि एक दिवस चाक आडवं होतं. ग्रीस भरलेलं दिसलं तर सांधा खोलून साफ केल्याशिवाय गाडी चालवू नका.

मागचा भाग

मागे सरळ ॲक्सल, पाटे आणि पुन्हा लिव्हर शॉकअप. ट्रकवाल्यांच्या गावात याचं कुणाला नवल नाही, आणि धोका तिथेच आहे. महामार्गालगतच्या कमानपाट्याच्या दुकानात गाडी नेली की पहिला प्रश्न येतो, "मालक, एक पान वाढवू का?" पान वाढवलेल्या गाड्या फिरताहेत. तुमच्या गाडीच्या दोन्ही पाट्यांची पानं मोजा, जाडी बघा, क्लिपा जागेवर आहेत का बघा. एका बाजूला एक पान जास्त असलं तर उंचीतला फरक तिथून आलाय.

पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा ठोकळा दिसला तर गाडी मागून खाली आणलेली आहे. ठोकळा एक इंचाचा असेल तर गाडी बरोबर एक इंच खाली आली आणि ॲक्सलच्या वरच्या रबरी ठोकरापर्यंतची जागाही एक इंच कमी झाली. यू-बोल्ट तेवढे लांब घातलेत की जुनेच कसेबसे चार आट्यांवर पकडलेत, ते बघा. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायलाच हवेत. लाकडी ठोकळा सापडला तर हसू नका, गाडी तिथेच थांबवा.

ॲक्सल खाली लोंबू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे असतात. ते कापलेले किंवा गायब असणं फार सर्रास. पट्टा नसला की गाडी उडाल्यावर ॲक्सलचं वजन शॉकअपच्या लिंकवर येतं, आणि टेलिस्कोपिक लावलेला असेल तर त्या शॉकअपच्या पोटावर.

मागचा लिव्हर शॉकअप तपासणं सोपं. खालची लिंक सोडा आणि हात वर-खाली करा. दोन्ही दिशांना एकसंध जोर लागला पाहिजे. मध्येच मोकळा पडला तर तेल कमी किंवा हवा शिरलीय. फारच जड हलत असेल तर बहुधा कुणीतरी गळती झाकायला जाड तेल भरलंय. हे फार केलं जातं. जाड तेलाने गाडी पहिल्या दिवशी कडक वाटते, खरेदीदार खूश होतो. अंगावर ताजं तेल पुसल्याची खूण आणि शाफ्टभोवती ओल असेल तर पक्कं समजा.

मागे टेलिस्कोपिक असतील तर ब्रॅकेट कुठे पकडलेत ते बघा. जुन्या शॉकअपच्याच बोल्टांवर बसले असतील तर ठीक, उद्या काढता येतात. बॉडीच्या पातळ पत्र्याला झाळले असतील तर झाळाच्या कडेला केसासारखी चीर शोधा. आणि शॉकअप दाबल्यावर त्याची लांबी ॲक्सलच्या ठोकराआधी संपते का, हा प्रश्न विचारायलाच हवा. खाली आणलेल्या गाडीत उंच गाडीचा शॉकअप लावला की रबरी ठोकर कामालाच येत नाही, शॉकअपच ठोकर बनतो आणि ब्रॅकेट उपटला जातो.

चाकांचं थोडक्यात: टायरवरचा चार आकडी कोड बघा, शेवटचे दोन आकडे साल सांगतात. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर असतील तर रोड टेस्टवरून सस्पेन्शनचा निकाल देऊ नका. तारांची चाकं असतील तर गाडी पुढे-मागे करताना 'टक' ऐकू येतं का बघा, स्प्लाइन (चाक ज्यावर बसतं ते दाते) झिजल्याची ती खूण.

आपल्या रस्त्याचा हिशेब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. एमजीबीचा व्हीलबेस २.३ मीटर. म्हणजे गाडी गतिरोधकाच्या मधोमध असताना चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि पोटाखाली उंचवटा फक्त ३९ मिलिमीटर शिरतो. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली आणलेली गाडीही आरामात जाते.

अडचण येते ती गल्लीतल्या लोकांनी टाकून घेतलेल्या अरुंद, उभट गतिरोधकांवर. तो चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. एमजीबीची मोकळी उंची मुळात पाच इंचांच्या आसपास, म्हणजे सव्वाशे मिमी. दीड इंच खाली आणली की ८७ मिमी उरतात. १०० मिमीचा अरुंद गतिरोधक आला की सायलेन्सर घासलाच. तुमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत असे किती आहेत, ते गाडी घेण्याआधी मोजपट्टी घेऊन मोजून या. लोक बघतात, बघू द्या.

रस्त्यावर

दोनदा चालवा, एकदा सकाळी लवकर आणि एकदा दुपारी. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात लिव्हर शॉकअपमधलं थोडंसं तेल पातळ होतं. सकाळी नीट वाटणारी गाडी दुपारी तरंगायला लागली तर शॉकअप संपत आलेत, विकणारा काहीही म्हणो.

निघण्याआधी मागच्या ॲक्सलच्या वर, रबरी ठोकराच्या खाली कणकेचा गोळा चिकटवा, जागा भरेल एवढा उंच. आधी शहरातल्या खराब रस्त्याने हळू जा, मग तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या बाजूला. परत आल्यावर गोळा बघा. थोडा दबलेला असेल तर झकास. चपाती झाली असेल तर ॲक्सल ठोकराला आपटतोय, आणि ही गाडी या रस्त्यांसाठी फार खाली आहे. शेजारी माणूस बसवून एकदा हीच चाचणी करा, कारण एकट्याने चालवलेली गाडी खोटं बोलते.

चालवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. ॲक्सलेटर दाबल्यावर गाडी एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला ओढत असेल तर मागचा ॲक्सल हलतोय: यू-बोल्ट सैल किंवा पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुश गेलेला. सरळ रस्त्यावर खड्डा घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप वळत असेल तर गाडी खाली आणताना टाय रॉडचा (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बिघडलाय. आणि स्टेअरिंग संशयास्पद हलकं असेल, वळणानंतर परत यायला आळस करत असेल, तर क्रॉसमेंबर आणि बॉडी यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी केलाय का ते खाली जाऊन बघा. मूळ कॅस्टर सात अंशांचा, म्हणून एमजीबीचं स्टेअरिंग उभ्या गाडीत जड असणं स्वाभाविक आहे.

काय ठेवायचं, काय काढायचं

यादी हातात आली की पहिल्या दिवशी सगळं मूळ स्थितीत आणायची घाई करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा त्याच रस्त्याने चालवा. नाहीतर काय सुधारलं आणि काय बिघडलं हे कधीच कळत नाही.

आधी धोक्याच्या गोष्टी: गॅसने कापलेली स्प्रिंग, लाकडी किंवा हलणारे ठोकळे, आखूड यू-बोल्ट, चिरलेला झाळ, हलणारा किंगपिन, तुटलेले पट्टे. यांच्यावर वाद नाही आणि यांचा खर्च सौद्याच्या किमतीतून वळता करून मागायचा.

त्यानंतर उंची. मागचे ठोकळे काढणं स्वस्त आणि सोपं, बहुतेक वेळा एवढ्यानेच गाडीचा स्वभाव अर्धा सुधारतो. पुढच्या स्प्रिंगा मागवाल तेव्हा क्रोम बंपर की रबरी बंपर, रोडस्टर की जीटी (पक्क्या छपराची), हे तपासूनच मागवा; जीटीच्या मुळातच कडक असतात.

शॉकअपच्या बाबतीत माझं मत बऱ्याच हौशी लोकांना पटत नाही. चांगला रिबिल्ड केलेला लिव्हर शॉकअप स्वस्तातल्या टेलिस्कोपिक किटपेक्षा आपल्या रस्त्यांवर सरस. पण मागे चांगले टेलिस्कोपिक नीट बोल्टने बसलेले असतील, चाल पुरेशी असेल, तर फक्त "ओरिजिनल नाही" म्हणून काढायचं कारण नाही. आधीच्या मालकाने पैसे घातलेत, तुम्ही ते वापरा. पॉली बुश कुरकुरत असतील तर आधी खोलून ग्रीस लावा, तेवढ्याने भागतं का बघा. जाड अँटी-रोल बार असेल आणि मूळचा त्या गोणीत असेल तर मूळचा लावून महिनाभर चालवा, मग ठरवा.

काढलेला प्रत्येक भाग, वॉशरसकट, पिशवीत घालून त्यावर तारीख आणि बाजू लिहा. पुढेमागे गाडी विकाल तेव्हा पुढचा माणूस तुम्हालाही "जुने पार्ट कुठे आहेत?" असं विचारणार.

व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, उंची आणि बुश कायमचे ठरल्यावर. आणि दुकानातल्या मुलाला आधी सांगा की या गाडीला फक्त टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती) करता येतो, टो-इन १.५ ते २.३ मिमी. नाहीतर तो कॉम्प्युटरवर लाल दिसणारा कॅम्बर हिरवा करायला तासभर बोल्ट शोधत बसेल.